कागदावरचा शब्द, पेढीची पत

नरसी मेहतांच्या हुंडीची गोष्ट कीर्तनातून आणि आजीच्या तोंडून आपल्या घराघरांत पोचलेली आहे. जुनागडला आलेल्या यात्रेकरूंना द्वारकेपर्यंत रोख रक्कम जवळ बाळगायची नव्हती, कारण वाटेत चोरांचे भय होते. गावातल्या टवाळांनी त्यांना मुद्दाम नरसी मेहतांचे घर दाखवले. ज्यांच्या घरात उद्याच्या शिध्याची भ्रांत, त्या भक्ताने यात्रेकरूंचे सातशे रुपये ठेवून घेतले आणि द्वारकेच्या शामळशा शेठवर हुंडी लिहून दिली. द्वारकेत त्या नावाची पेढीच नव्हती. तरी ती हुंडी वटली. ती कोणी वटवली, हे कीर्तनकार रंगवून सांगतात आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात.

भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून ही गोष्ट पुन्हा वाचावी. पैसे एका गावी दिले, कागद हाती आला, दुसऱ्या गावी कागद दिला आणि पैसे मिळाले. साऱ्या बँकव्यवहाराचे मर्म एवढेच आहे. कागद कोणीही लिहू शकतो. प्रश्न असतो तो दुसऱ्या टोकाला पैसे देणारा कोणी बसला आहे की नाही, एवढाच. मेहतांच्या मागे देव उभा राहिला. तुमच्या-आमच्या हातातल्या चेकमागे, ड्राफ्टमागे कोण उभे असते? ज्या कागदाला आपण ‘बँकेचा पक्का कागद’ म्हणतो, तो खरोखर किती पक्का असतो? घर, शेत, दागिने, ट्रॅक्टर किंवा जुनी मोटार विकताना, मुलीच्या प्रवेशाची फी भरताना, मंगल कार्यालय ठरवताना हा प्रश्न सामान्य कुटुंबापुढे कधी ना कधी येतो. आणि बहुतेक वेळा उत्तर न शोधताच व्यवहार होतो.

कामठीची पेढी

हा प्रश्न समजून घ्यायला नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या कामठीइतके चांगले ठिकाण सापडणार नाही. कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली. छावणी आली की तिच्यामागे बाजार येतो, बाजारामागे व्यापारी येतात आणि व्यापाऱ्यांमागे सावकार. बिकानेरहून आलेल्या डागा घराण्याची ‘बन्सीलाल अबीरचंद’ ही पेढी कामठीत नावारूपाला आली आणि मध्य प्रांतातल्या मोठ्या सावकारी पेढ्यांत तिची गणना होऊ लागली. नागपूरचे कस्तुरचंद पार्क ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते सर कस्तुरचंद डागा याच घराण्यातले. सभा, मेळावे आणि प्रदर्शने यांसाठी त्या मैदानावर जाणाऱ्या किती नागपूरकरांना त्या नावामागची कामठीची गादी आठवत असेल, कोण जाणे!

रेल्वे नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये. त्याआधी बैलगाडीवर लादलेल्या रुपयांच्या थैल्या दूरच्या बाजारपेठेत पाठवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून व्यापारी हुंडीने पैसा पाठवत. एका पेढीवर रक्कम भरायची, हुंडणावळ द्यायची आणि कागद घेऊन निघायचे. हुंडीचेही प्रकार होते. दाखवताच पैसे मिळतात ती दर्शनी, ठराविक दिवसांनी मिळतात ती मुदती. एखादी शहाजोग हुंडी असे. तिचे पैसे बाजारात ज्याची पत आहे अशा माणसाच्या हातीच पडत, वाटेत ती चोराला सापडली तरी त्याच्या उपयोगाची नसे. आज आपण चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘खात्यातच जमा’ असे लिहितो, त्याच्या मागे हेच शहाणपण आहे.

हुंडी हरवली तर ‘पैठ’ मिळे आणि तीही हरवली तर ‘परपैठ’. पैसे चुकते झाले की ती हुंडी रद्द होऊन ‘खोका’ होत असे, म्हणजे पुन्हा कोणाला दाखवता येत नसे. सगळ्यांत लक्षात ठेवण्यासारखी होती ती जिकरी चिठ्ठी. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ऐनवेळी हात वर केले तर काय, या शंकेपोटी हुंडीबरोबर त्याच गावातल्या दुसऱ्या पतदार व्यापाऱ्याच्या नावे एक चिठ्ठी दिली जाई. तिचा मतलब असा, की त्याने नाकारली तर आमच्या अब्रूखातर आपण पैसे द्यावेत. इंग्रजी बँकशास्त्राची पुस्तके आपल्याकडे येण्याआधीपासून बाजाराने हमीवर हमीची सोय करून ठेवली होती.

इंग्रजांनी १८८१ मध्ये हुंडी, चेक आणि वचनचिठ्ठीचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या या कागदांच्या स्थानिक रूढींना त्यांनी सहसा हात लावला नाही. त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात ही सवलत लिहिलेली आहे. सरकारलाही पेढीची पत मानावी लागली, असाच याचा अर्थ.

चेक म्हणजे पैसा नव्हे

आता आजच्या कागदाकडे वळू. पहिली गोष्ट अगदी साधी आहे, पण भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नाही. साधा चेक म्हणजे पैसा नव्हे. खातेदाराने आपल्या बँकेला लिहिलेली ती आज्ञा आहे, ‘अमक्याला इतके रुपये द्या.’ ही आज्ञा पाळण्याची बँकेची जबाबदारी खातेदाराशी असते, चेक हातात घेऊन आलेल्याशी नसते. खात्यात रक्कम नसेल, सही जुळत नसेल, खातेदाराने ‘पैसे देऊ नका’ असे कळवले असेल, तर बँक चेक परत करते. तुम्ही बँकेशी कितीही भांडलात तरी ती शांतपणे सांगते, ‘ज्याने चेक दिला त्याला विचारा.’ कायद्याने तिचे म्हणणे बरोबर असते.

चेक न वटण्याचे प्रकार इतके बोकाळले, की १९८८ मध्ये १८८१ च्या त्या कायद्यात नवे प्रकरण घालावे लागले. १ एप्रिल १९८९ पासून पुरेशी रक्कम नसताना चेक देणे हा फौजदारी गुन्हा ठरला. चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस देणाऱ्याला द्यायचे आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. कलम १३८ आता बाजारातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण कलम पाठ असणे वेगळे आणि पैसे हातात पडणे वेगळे. तारखांवर तारखा पडत राहतात. मागावर काम करणाऱ्या विणकराला किंवा विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला वकिलाची फी देऊन वर्षानुवर्षे न्यायालयात हेलपाटे घालणे परवडत नाही. गुन्हा शाबीत होईपर्यंत त्या घरातले लग्न, आजारपण आणि शाळा थांबून राहत नाही.

म्हणूनच अनोळखी माणसाशी व्यवहार करताना शहाणा विक्रेता म्हणतो, ‘चेक नको, ड्राफ्ट आणा.’

बँक स्वतः शब्द देते तेव्हा

ड्राफ्ट आणि चेक दिसायला भावंडे असली तरी त्यांच्यात मूलभूत फरक आहे. डिमांड ड्राफ्ट हा बँकेच्या एका शाखेने आपल्याच दुसऱ्या शाखेवर काढलेला कागद. ज्याला ड्राफ्ट हवा आहे त्याच्याकडून बँक सगळी रक्कम आधी घेते. ती रक्कम त्याच्या खात्यातून निघून बँकेच्या ‘देय ड्राफ्ट’ या हिशेबात जाऊन बसते. त्या क्षणापासून ते बँकेचे देणे होते. विकत घेणाऱ्याच्या खात्यात दुसऱ्या दिवशी खडखडाट झाला तरी ड्राफ्टला धक्का लागत नाही. बँकर्स चेक किंवा पे ऑर्डर हाही याच जातीचा, फक्त तो त्याच गावात वटण्यासाठी असे. बँकांच्या शाखा संगणकाने जोडल्या गेल्यापासून या दोघांतला फरक पुसट झाला आहे.

तिसरा प्रकार होता खुणेच्या चेकचा. खातेदाराच्याच चेकवर बँक ‘पैसे मिळतील’ असा शिक्का मारी आणि तेवढी रक्कम खात्यात अडवून ठेवी. अमेरिकेत हा प्रकार चांगलाच रुळला. आपल्याकडे मात्र त्याचे कायदेशीर वजन कायम शंकास्पद राहिले. पुढची तारीख घातलेल्या चेकवर असा शिक्का मारला म्हणून बँक त्या चेकला बांधली जाते का, हा वाद बँक ऑफ बडोदा विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९४४ मध्ये निकाल लागला, की असा शिक्का म्हणजे बँकेने चेक स्वीकारला असे होत नाही. पुढे ही पद्धत मागे पडली आणि ‘पक्का कागद’ म्हणजे ड्राफ्ट किंवा पे ऑर्डर, हे समीकरण रूढ झाले.

या कागदाचे काही नियम घरातल्या कर्त्या माणसाने आणि कर्त्या बाईने माहीत करून घ्यावेत. ड्राफ्ट नेहमी कोणाच्या तरी नावाने असतो. ‘जो घेऊन येईल त्याला पैसे द्या’ असा ड्राफ्ट काढता येत नाही, कारण तसा कागद म्हणजे खासगी नोटच झाली आणि नोटा काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा. वीस हजार आणि त्याहून मोठ्या रकमेचा ड्राफ्ट खात्यातच जमा होईल असा रेघा मारून दिला जातो. पन्नास हजार आणि त्यावरचा ड्राफ्ट रोख पैसे देऊन मिळत नाही, खात्यातून किंवा चेकनेच रक्कम द्यावी लागते. १५ सप्टेंबर २०१८ पासून विकत घेणाऱ्याचे नावही ड्राफ्टवर छापावे लागते. १ एप्रिल २०१२ पासून चेक, ड्राफ्ट आणि पे ऑर्डर यांची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे.

मुदत टळली म्हणून पैसे बुडत नाहीत. ज्याने ड्राफ्ट काढला त्याने मूळ कागद घेऊन शाखेत अर्ज केला तर नवी मुदत मिळते किंवा रद्द करून रक्कम परत घेता येते. हरवलेल्या ड्राफ्टची दुसरी प्रत अर्ज केल्यापासून पंधरवड्यात द्यावी, उशीर झाला तर त्या काळाचे व्याज द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. जुनी पैठ ती हीच. दहा वर्षे कोणीच न मागितलेल्या ड्राफ्टची रक्कम २०१४ पासून ठेवीदारांसाठीच्या एका निधीत जाते, पण तिथूनही हक्कदाराला बँकेमार्फत ती मागता येते. वडिलांच्या जुन्या ट्रंकेत असा एखादा पिवळा पडलेला कागद सापडला तर तो रद्दीत टाकू नका.

हमीला तडे कुठे जातात

इथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग झाले तर! ड्राफ्ट घ्यावा आणि स्वस्थ झोपावे.’ पण खरी मेख इथेच आहे. हमी बँकेची असते, कागदाची नव्हे. कागद बँकेचा आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते.

समजा, कामठी तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने आपला ट्रॅक्टर विकायला काढला. शनिवारी संध्याकाळी बाहेरगावचा गिऱ्हाईक येतो, फारशी घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि एका नामांकित बँकेचा ड्राफ्ट पुढे करतो. छपाई सुबक, शिक्के ठसठशीत, दोन अधिकाऱ्यांच्या सह्या. बँक तर बंद. ‘दादा, आम्हाला रात्रीतून लांब जायचंय,’ असे म्हणत तो किल्ली मागतो. सोमवारी शाखेत कळते की या क्रमांकाचा ड्राफ्ट कधी निघालाच नव्हता. चेक खोटा निघाला असता तर निदान देणाऱ्याचा पत्ता तरी हाती राहिला असता. येथे तोही नाही. आणि बँकेला दोष देता येत नाही, कारण बँकेने शब्द दिलाच नव्हता. तिच्या नावाने दुसऱ्यानेच दिला होता.

ही फसवणूक केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत बँकेने काढलेल्या अशा चेकची रक्कम बहुधा दुसऱ्या दिवशीच खात्यात वापरायला देण्याचा नियम आहे. नेमका याचाच फायदा ठग घेतात. खात्यात रक्कम दिसली म्हणून माणूस निर्धास्त होतो, माल देतो, ‘जास्तीचे पैसे’ परतही करतो. काही दिवसांनी चेक बनावट ठरतो आणि बँक ती रक्कम त्याच्याच खात्यातून वसूल करते. खात्यात रक्कम दिसणे आणि चेक खरोखर वटणे यांत अंतर आहे, हा धडा तिकडच्या पुष्कळांना पदरमोड करून शिकावा लागला.

इंग्लंडने वेगळा मार्ग धरला होता. खातेदाराला बँक एक हमीचे कार्ड देई. दुकानदाराने त्या कार्डाचा क्रमांक चेकच्या पाठीवर लिहिला, की ठरावीक रकमेपर्यंत चेक वटणार ही बँकेची जबाबदारी. युरोपात ‘युरोचेक’ही याच तत्त्वावर देशोदेशी चालत. पण नवी साधने आली आणि युरोचेकची हमी २००१ च्या अखेरीस, तर इंग्लंडची कार्डयोजना ३० जून २०११ ला बंद झाली. हमी ही अशी काळानुसार रूप बदलत जाते.

दुसरा तडा नावाचा. १९९२ चा रोखे घोटाळा आठवा. तेव्हा बँका सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री करताना प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ नावाचा कागद देत. रोखे तुमचे आहेत, सवडीने पोचते करू, असे वचन त्यावर असे. आपल्या कराडच्या बँक ऑफ कराडने आणि मुंबईच्या मेट्रोपॉलिटन सहकारी बँकेने असे कागद दिले, पण त्यामागे रोखेच नव्हते. शिवाय एका बँकेच्या नावाने काढलेले चेक थेट दलालाच्या खात्यात जमा झाल्याचेही चौकशीत उघड झाले. चेक खरे होते, सह्या खऱ्या होत्या, बँका खऱ्या होत्या. फक्त चेकवर नाव एकाचे आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात. बँक ऑफ कराड त्यात संपली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. शहाजोग हुंडीच्या काळात पैसे कोणाच्या हातात पडतात, यावर पेढीवरच्या मुनिमाची नजर असे. मोठमोठ्या बँकांना तेवढेही जमले नाही.

तिसरा तडा सर्वांत खोल, तो खुद्द बँकेच्या पतीला. हा अनुभव नागपूर जिल्ह्याला दुरून घ्यावा लागला नाही. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये सरकारी रोख्यांच्या व्यवहारात अडकले. पैसे दलालांकडे गेले, रोखे आलेच नाहीत. दहा वर्षांपूर्वी मुंबईत जे घडले त्याचीच ही जिल्हास्तरावरची आवृत्ती होती. त्या खटल्याचा निकाल नागपूरच्या न्यायालयात लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. एकवीस वर्षे! त्या वर्षी जन्मलेले मूल मतदार होऊन गेले. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ड्राफ्ट हे शेवटी बँकेचे देणेच आहे. बँकेच्या देण्यांवरच निर्बंध आले, की ‘पक्का कागद’ही कच्चा पडतो. लहान सहकारी बँका मोठ्या बँकेशी करार करून तिच्यावर ड्राफ्ट काढतात, तेव्हा कागदावरचे नाव कोणाचे आणि पैसे देणारा कोण, हेही पाहून ठेवावे.

‘विश्वास पानिपतावर मेला’ असे आपण गमतीने म्हणतो. पण विश्वास मारून चालत नाही. विश्वास नसेल तर बाजारच भरणार नाही. विश्वास ठेवावा, पण तो कोणावर आणि कशाच्या आधारावर ठेवतो आहोत, हे डोळे उघडे ठेवून पाहावे.

आता ड्राफ्टची गरजच काय?

नव्या पिढीचा प्रश्न रास्त आहे. मोठ्या रकमा लगोलग पाठवण्याची आरटीजीएस सोय २००४ मध्ये आली, एनईएफटी २००५ मध्ये. २०१९ आणि २०२० च्या डिसेंबरांपासून या दोन्ही सोयी दिवसरात्र, सुटीच्या दिवशीही चालू आहेत. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकचा तपशील खातेदाराने बँकेला आधीच कळवून ठेवण्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून झाली. चेक प्रत्यक्ष गावोगाव फिरणे थांबले, आता त्याची प्रतिमा फिरते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत वटवण्याची पद्धतही सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी ट्रॅक्टर विकणाऱ्याने आज सरळ म्हणावे, ‘ड्राफ्ट नको, पैसे खात्यात पाठवा. आले की किल्ली घ्या.’ आपल्याच बँकेत चौकशी करून रक्कम जमा झाल्याची खात्री करावी. समोरच्याने त्याच्या मोबाइलवर दाखवलेले चित्र किंवा आपल्याला आलेला संदेश यांवर विसंबू नये, कारण खोटा संदेश पाठवणे खोटा ड्राफ्ट छापण्याहून सोपे आहे.

तरीही ड्राफ्ट संपलेला नाही. निविदेची अनामत, न्यायालयात भरायची रक्कम, काही संस्थांची फी अजूनही ड्राफ्टने मागितली जाते. मोबाइलवर अंगठा फिरवण्याची भीती वाटणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो कागद हातात असल्याचा आधार वाटतो. तो आधार हसण्यावारी नेऊ नये. शिवाय कागदाला पुरावा म्हणून किंमत आहे. कोणाला, कधी, किती दिले, हे त्यावर कायमचे लिहिलेले असते.

मग करायचे काय? येथे बँकांकडे आणि सरकारी कचेऱ्यांकडे तीन मागण्या कराव्याशा वाटतात.

पहिली अशी, की ड्राफ्ट खरा आहे की नाही हे विचारण्याचा हक्क ज्याच्या नावाने तो काढला आहे त्याला विनाशुल्क आणि विनाविलंब मिळावा. आज माणूस शाखेत गेला तर अधिकारी त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतो. एखादा आपुलकीने क्रमांक तपासून देतो, दुसरा ‘खात्यात भरा, मग कळेल’ म्हणून वाटेला लावतो. चेकचा तपशील आधी कळवण्याची सोय बँका करू शकतात, तर स्वतः काढलेल्या ड्राफ्टची पडताळणी सुटीच्या दिवशीही व्हावी अशी सोय सगळ्या बँकांनी मिळून करणे अवघड नाही. बँकेच्या नावाने कोणी खोटा शब्द देत असेल, तर तो उघडा पाडणे बँकेच्याही हिताचे आहे. जिकरी चिठ्ठी लिहिणाऱ्या सावकाराला एवढे कळत होते.

दुसरी मागणी कचेऱ्यांकडे. जेथे खात्यातून थेट रक्कम घेता येते तेथे ड्राफ्टचा हट्ट सोडावा. नोकरीच्या प्रत्येक अर्जाला ड्राफ्ट जोडायच्या काळात बेकार तरुणांच्या घरातून बँकेच्या कमिशनपोटी किती रुपये गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण उलट टोकही गाठू नये. ‘फक्त ऑनलाइन’ म्हणून खिडकी बंद केली तर ज्याला ते जमत नाही तो पुन्हा दलालाच्या दारात जातो. दोन्ही वाटा मोकळ्या असाव्यात.

तिसरी मागणी बँकांच्या संचालकांकडे आणि त्यांना निवडून देणाऱ्या सभासदांकडे, म्हणजे तुमच्या-आमच्याकडे. बँकेच्या हमीची किंमत तिच्या कारभारावर ठरते. वार्षिक सभेत चहा-चिवडा घेऊन हात वर करणारे सभासद, ताळेबंद न वाचता सह्या करणारे संचालक आणि निवडणुकीपुरते सहकाराचे नाव घेणारे पुढारी, हे सगळे मिळून त्या कागदाची पत कमी करत असतात. पत एका दिवसात जाते आणि ती परत यायला एक पिढी लागते.

घरापुरते पाळायचे नियम मोजकेच आहेत. मोठा व्यवहार बँकेच्या वेळेतच करावा आणि शक्य तर गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या शाखेत जाऊन ड्राफ्ट आपल्यासमोर काढून घ्यावा. ड्राफ्टवरचा दूरध्वनी क्रमांक खरा मानू नये, शाखेचा क्रमांक दुसरीकडून मिळवून विचारावे. आपले नाव अक्षर न् अक्षर बरोबर आहे ना, ते पाहावे. तारीख आणि मुदत पाहावी. प्रत काढून ठेवावी. ‘आत्ताच्या आत्ता’ अशी घाई करणाऱ्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगावे. प्रामाणिक गिऱ्हाईक थांबतो. बँकेने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला वकील लागत नाही आणि फीही लागत नाही.

या नियमांत नवे असे काही नाही. कामठीच्या गादीवर बसलेला मुनीमही हुंडी हातात घेऊन हेच पाहत असे. अक्षर कोणाचे, नाव कोणाचे, मुदत किती आणि मागे उभा कोण. त्याच्याजवळ संगणक नव्हता, पण कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचे, याचा अंदाज होता. तो अंदाज आता आपल्यालाच घ्यायचा आहे, कारण शेवटी घाम गाळून उभी केलेली रक्कम आपली असते. नरसी मेहतांची हुंडी वटवायला देव धावून आला, ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि ती तशीच राहो. संसारी माणसाने मात्र शामळशाची पेढी खरोखर आहे की नाही, हे सोमवारी सकाळी बँक उघडल्यावर विचारून घ्यावे, आणि मगच किल्ली हातात द्यावी.